हॅम रेडिओचं लायसन्स आलं, आता पुढे काय?

व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची तुझी ओळख मिळाली, अभिनंदन! आता लगेच महागडा सेट घ्यायला धावू नकोस. हातातल्या हँडीवर, म्हणजे वॉकीटॉकीवर, आधी नेरूळहून मुंब्र्याला बोलून बघ. मध्ये पारसिकचा डोंगर आडवा येतो आणि हँडीचा १४५ मेगाहर्ट्झचा सिग्नल डोंगराला वळसा घालत नाही. कुठल्या गच्चीवरून कोण ऐकू येतं, याची वही आत्ताच भर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाइल मुके झाले. तशा दिवशी निरोप रेडिओवरूनच जातात, तेव्हा कोण कुठून ऐकू येतं हे शोधत बसायला वेळ नसतो.

लांबचं बोलायचं, म्हणजे महाड-चिपळूण, तर ४० मीटर बँड, म्हणजे सुमारे ४० मीटर लांबीच्या लहरी. अँटेना म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, तीही फार उंच नको. चार-पाच मीटरवर बांधलीस की सिग्नल सरळ वर जाऊन, वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून जवळपासच्या जिल्ह्यांत उतरतो. सोसायटीचे सेक्रेटरी कपडे वाळत घालायची दोरी समजतील, समजू देत.

आपत्तीत निरोप पोचवायच्या सरावात खरी गंमत आकड्यांची. रेडिओच्या खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘पाच, नऊ’ असं सुटं सांग, समोरच्याकडून परत वाचून घे. निरोप दिला तसाच लिही, स्वतःचं शहाणपण घालू नकोस. नेट कंट्रोलने, म्हणजे कोणी कधी बोलायचं ते ठरवणाऱ्याने, बोलावल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नकोस.

आणि बॅटरी. एका सरावात माझी अर्ध्या तासात बसली; आदल्या रात्री चार्जर लावला होता, भिंतीवरचं बटण बंद.