जुन्या अटारी एसटीसाठी 'बालरबुर्ग' हा स्वस्तातला किल्ल्यांचा गेम घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की जर्मनीतल्या फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, अटारी १०४० एसटी हा ऐंशीच्या दशकातला घरगुती कम्प्युटर उचललाय, सोबत काळापांढरा मॉनिटर आलाय, आणि एक जण 'बालरबुर्ग'ची फ्लॉपी बारा युरोला देतोय, तर एवढ्या जुन्या मशीनवरचा हा किल्ला राखायचा शेअरवेअर गेम (आधी फुकट खेळा, आवडला तर लिहिणाऱ्याला पैसे पाठवा, अशा पद्धतीचा) पैसे टाकण्यासारखा आहे की नाही हे ओळखायचं कसं. आधी छोटं उत्तर देतो. गेम जरूर खेळा, फ्लॉपी बारा युरोला अजिबात घेऊ नका. आता जरा निवांत सांगतो कारण हेच मशीन माझ्याकडे चार वर्षं झाली टेबलावर आहे आणि बायकोच्या मते ते टेबल जेवायचं आहे.

बालरबुर्ग १९८७ सालचा, एकहार्ट क्रूझे याने लिहिलेला. 'बालर्न' म्हणजे धडाधड गोळीबार करणं आणि 'बुर्ग' म्हणजे किल्ला, त्यामुळे नावातच सगळं आलं. त्या काळात इकडे असले गेम एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर फिरायचे, कम्प्युटरची मासिकंसुद्धा 'पीडी' म्हणजे पब्लिक डोमेनच्या, कुणीही फुकट वापराव्यात अशा प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या टपालाने विकायची, आणि पीडी कुठलं नि शेअरवेअर कुठलं यात घेणारे फार काटेकोर नव्हते. पैसे मोजायचे ते कोऱ्या फ्लॉपीचे, कॉपी करण्याच्या मेहनतीचे आणि टपालाचे. तुमचा विक्रेता आज त्याच कॉपीचे बारा युरो मागतोय, आणि वर फ्लॉपी तीस-पस्तीस वर्षं जुनी असेल तर ती वाचली जाईल याची खात्री तो देईल का हे विचारून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

मी स्वतः शेअरवेअर पहिल्यांदा बघितलं ते नाशिकला, एका क्लासच्या ३८६ पीसीवर, तिथे 'स्कॉर्च्ड अर्थ' होता, १९९१ चा, डोंगराच्या दोन बाजूंना रणगाडे आणि कोन नि ताकद देऊन गोळा टाकायचा. आवडला तर पैसे पाठवा असा सगळा मामला होता आणि आम्हाला तो फार विनोदी वाटायचा, कारण अमेरिकेला डॉलर पाठवायचे तर कुठून आणायचे नि कसे पाठवायचे हे आमच्या सरांनासुद्धा माहीत नव्हतं. पैसे न देता खेळलो, आता थोडं वाईट वाटतं. पण सवय एक लागली की फुकटातला गेम म्हणून त्याला माफ करायचं नाही, वेळ तर आपलाच जातो ना.

आता पारख. लोक आधी ग्राफिक्स बघतात आणि जुन्या मशीनवर नेमकं तिथेच फसतात. तुमच्या एसटीत ८ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० आहे आणि १ एमबी मेमरी, त्यावर कुणी घोडेस्वारांच्या फौजा पळवायला गेला की गेम रडतखडत चालतो. बालरबुर्ग आळीपाळीने खेळायचा असल्यामुळे त्याला वेगाची गरजच नाही, आणि काळ्यापांढऱ्या मॉनिटरवर ६४० बाय ४०० ठिपक्यांचं चित्र इतकं स्वच्छ दिसतं की छापील कागदावर रेघा मारल्यासारखं वाटतं. डावीकडे एक किल्ला, उजवीकडे एक, मध्ये डोंगर, बस. रंग नाहीत म्हणून काही अडत नाही. उलट त्याच काळातले कितीतरी रंगीत गेम तुमच्या मॉनिटरवर चालणारच नाहीत, ते आधी तपासा.

माझी कसोटी वेगळी आहे. पहिल्या तीन डावांत मी हरलो तर का हरलो हे मला कळतंय का? कळत असेल तर गेम चांगला, मग तो पाच रुपयांचा असो. बालरबुर्गमध्ये हे लख्ख कळतं. किल्ला चिरून आतलं दाखवल्यासारखा काढलाय, आत पैसे कुठे, दारू कुठे, गोळे कुठे, राजा कुठे बसलाय सगळं दिसतं, तुम्हालाही आणि समोरच्यालाही. तोफेवर क्लिक करायचं, कोन द्यायचा, दारू किती घालायची ते द्यायचं, गोळा डोंगरावरून कमान करत जातो आणि जिथे पडतो तिथली भिंत खरोखर कुरतडली जाते. पैसे येतात ते रयतेकडून कराचे आणि खाणीच्या मनोऱ्यासारखा एक मनोरा विकत घेता येतो त्याचे. कर वाढवून ठेवला की रयत हळूहळू काढता पाय घेते. राजाला गोळा लागला की खेळ खलास, किंवा समोरच्याचं सगळं इतकं खिळखिळं करायचं की राजा स्वतःच शरण येतो.

पहिला डाव बायकोबरोबर खेळलो. मी फुशारकीत आणखी एक तोफ घेतली. तिने वाऱ्याची दिशा दाखवणारं निशाण घेतलं, 'विंडफाने' म्हणतात त्याला. मला वाटलं हे काय सजावटीचं सामान घेतेय. पण ते निशाण नसेल तर वारा किती नि कुठल्या बाजूने आहे हे कळतच नाही, वारा मात्र गोळ्याला ढकलतोच. माझे दोन गोळे डोंगरात रुतले, तिसरा तिच्या किल्ल्यावरून पलीकडे स्क्रीनबाहेर गेला, आणि तिचा चौथा की पाचवा गोळा थेट माझ्या दारूकोठारावर. तोफा तीन आणि दारू शून्य. तिने चहा होईपर्यंत माझ्या राजाला जिवंत ठेवला होता, मुद्दाम. हरल्यावर मी गेमला एक शब्द बोलू शकलो नाही कारण चूक शंभर टक्के माझी होती.

रायगडावर गाईड दारूकोठाराचे अवशेष दाखवतात आणि सांगतात ना, १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या आणि एक गोळा कोठारावर पडून भडका उडाला, तर शाळेच्या सहलीत ऐकलेली ती गोष्ट मला त्या डावात पहिल्यांदा नीट समजली. भिंत फोडत बसण्यापेक्षा आतलं एक ठिकाण हेरायचं. हे एका जर्मन माणसाच्या काळ्यापांढऱ्या गेमने शिकवावं, असो.

तुम्ही याला किल्ला राखायचा गेम म्हटलंय, ते अर्धंच खरं आहे. राखण्याची खरी मजा हवी असेल तर 'रॅम्पार्ट' बघा, अटारी गेम्सचा १९९० चा आर्केड गेम, त्यात गोळीबार झाला की घड्याळ सुरू होतं आणि वेड्यावाकड्या तुकड्यांनी तटबंदी पुन्हा बंद करायची, एकही किल्ला पूर्ण बंद करता आला नाही की गेलात. (गंमत म्हणजे ही अटारी आणि तुमचा एसटी बनवणारी अटारी या वेगळ्या कंपन्या, १९८४ मध्ये घरगुती कम्प्युटरचा धंदा जॅक ट्रॅमेल या उद्योजकाने घेतला आणि आर्केडवाले वेगळे राहिले.) रॅम्पार्टमध्ये हात चालवावे लागतात, घाम फुटतो. बालरबुर्गमध्ये भिंत विकत घेऊन वाढवता येते पण खरा बचाव खजिन्यात आहे, शेवटच्या चार नाण्यांचे गोळे घ्यायचे की दारू घ्यायची यात. तो विचार करायला आवडत असेल तरच खेळा. धावपळ हवी असेल तर पंधरा मिनिटांत कंटाळाल.

खोटही सांगतो, नाहीतर म्हणाल भक्त आहे. एकट्याने कम्प्युटरविरुद्ध खेळता येतं पण मजा निम्मी होते, कारण समोरचा चिडत नाही. आवाज म्हणाल तर विशेष काही नाही. आणि एकाच जोडीचे किल्ले घेऊन सारखं खेळलात की कुठल्या तोफेला साधारण काय कोन लागतो हे हाताला पाठ होतं, मग फक्त वाऱ्याचा हिशेब उरतो. आमचं हे दोन आठवड्यांत झालं, मग आम्ही दर डावाला किल्ले बदलायला लागलो. शिवाय सगळं जर्मनमध्ये आहे, पण 'पुल्फर' म्हणजे दारू, 'कुगेल्न' म्हणजे गोळे, 'श्टॉयर्न' म्हणजे कर, एवढ्यावर निभतं. माझं जर्मन पुण्यात क्लास लावून शिकलेलं, त्यात यातला एकही शब्द नव्हता.

आता पैसे वाचवायचं. आधी तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर 'बालरबुर्ग एसडीएल' टाकून बघा, थोमास हूटने केलेलं रूपांतर आहे, फुकट आहे आणि सोर्सकोडही खुला आहे. त्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा उघडावंसं वाटलं तरच एसटीवर आणायची खटपट करा. अगदी मूळ रूपच बघायचं असेल तर 'हटारी' नावाचा एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर एसटीची नक्कल करणारा प्रोग्रॅम, आहे, त्याच्यामागेही हाच माणूस.

एसटीवर न्यायचा तर फ्लॉपी ७२० केबीची, डबल डेन्सिटीची शोधा. १.४४ एमबीवाल्या फ्लॉपीच्या भोकाला चिकटपट्टी लावून चालवणारे लोक आहेत, मीही लावली होती, पहिल्या दिवशी चालली आणि आठवड्याने तिने अर्धी फाइल खाल्ली. फ्लॉपी पीसीवरच ७२० ला फॉरमॅट करा कारण जुन्या टॉसने (एसटीची ऑपरेटिंग सिस्टिम) एसटीवर फॉरमॅट केलेली फ्लॉपी पीसी बऱ्याचदा ओळखत नाही, उलट दिशेने अडचण येत नाही. अजून एक, माउस लावायचं भोक कीबोर्डच्या खाली उजव्या बाजूला आहे, पहिल्यांदा सापडत नाही आणि लावताना अख्खं मशीन उचलावं लागतं, तेव्हा ते आधी लावा आणि मगच मशीन सुरू करा. आणि जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड अदलाबदल झालेले आहेत, त्यामुळे कुठे नाव टाकायला मिळालं आणि तुमचं नाव योगेश असेल तर पहिले काही डाव तुम्ही झोगेश म्हणून लढणार.