डेंग्यूचा कोणता पेशंट गंभीर होणार, हे आधी ओळखता येतं का?

तुम्ही विचारलंय, एकाच घरात दोघा भावांना डेंग्यू झाला, धाकटा घरीच बरा झाला आणि थोरल्याला ताप उतरल्यावर आयसीयूत हलवावं लागलं. हे आधी कळलं नसतं का? पहिल्या दिवशी नसतं कळलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र बऱ्याचदा कळतं, तेही साध्या तपासणीत.

मी मिरजेत फिजिशियन आहे. पावसाळा सरत आला की वॉर्ड डेंग्यूने भरतो आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, पेशी किती?" पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठायला मदत करणाऱ्या. या एका आकड्यापायी खरा धोका नजरेआड होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तातला द्रव बारीक रक्तवाहिन्यांतून झिरपून पोटात-छातीत साठल्यामुळे. रक्त दाट होतं, बीपी कोसळतं. हे होतं साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरताना, आणि 24 ते 48 तास चालतं.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार ऐन ऑक्टोबर छाटणीत ॲडमिट होते. पाचव्या दिवशी ताप गेला तसे मागे लागले, "सोडा आता, बागेत माणसं खोळंबलीत." पेशी 70 हजार, म्हणजे घाबरण्याजोग्या नव्हत्या. पण पोट दुखत होतं, सकाळपासून उलट्या चालू होत्या, हात गार. बीपी 100/84. वरचा आकडा बरा दिसतो, पण दोन आकड्यांतलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं की आम्ही धास्तावतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, जे रिपोर्टवर पीसीव्ही म्हणून छापलेलं असतं, 40 वरून 49 वर गेलेलं, म्हणजे रक्त दाट झालेलं. त्यांना ठेवून घेतलं, पीसीव्ही पुन्हा पुन्हा बघत सलाईन मोजून दिलं. मोजून अशासाठी, की झिरपणं थांबल्यावर तोच द्रव रक्तात परतू लागतो आणि जादा झालेलं सलाईन फुप्फुसात उतरतं. ते बरे होऊन चालत घरी गेले.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये धोक्याची लक्षणं ठरवून दिली, ती हीच: पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या-नाकातून रक्त, सुस्ती किंवा तगमग, यकृताला सूज, अंगात पाणी साठणं, पेशी झपाट्याने घसरताना पीसीव्ही चढणं. लघवी कमी झाली तरी थांबू नका. आणि रक्तस्राव नसताना नुसता आकडा बघून पेशींच्या पिशव्या चढवण्याचा आग्रह धरू नका. सिंगापूर-मलेशियातल्या चाचणीत (2017) त्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास वाढले.

रक्तातल्या जनुकांच्या हालचालीवरून आधीच अंदाज बांधायचा प्रयत्न अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी केलाय. 2019 मध्ये त्यांनी 20 जनुकांचा संच मांडला. मला त्याची फार आशा आहे, पण आज आपल्याकडच्या लॅबमध्ये ती तपासणी होत नाही.

दोघा भावांत फरक का पडला, हे कागद न बघता सांगता येणार नाही. थोरल्याला पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला होता का, हे मात्र विचारा. या विषाणूचे 4 प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार बळावण्याची शक्यता जास्त असते. मधुमेह, गरोदरपण, तान्हं बाळ असेल तरीही जास्त जपावं लागतं. म्हणून धाकट्याचेही रिपोर्ट जपून ठेवा. पुढे कधी ताप आला तर ते डॉक्टरांना आधी दाखवा, पॅरासिटामॉलखेरीज दुखण्याची कुठलीही गोळी मनाने देऊ नका, आणि ताप उतरल्यावरचे दोन दिवस त्याला एकटं सोडू नका.