खराटा झालेलं रोप लगेच उपटू नका

प्रश्न : मागच्या जुलैत आम्ही मित्रांनी गावाजवळच्या टेकडीवर दीडशे रोपं लावली, बरीचशी अंजन आणि कडुनिंब. आता मे मध्ये पाहिलं तर निम्म्याच्या वर नुसत्या काड्या उभ्या आहेत. काढून टाकून पावसाळ्यात नवीन लावायची का? आणि तुम्ही दरवर्षी ज्या लावलेल्या जंगलात जाता तिथे असं होतं का, तेही सांगा ना.
– एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : दादा, आधी हात आवरा. हीच चूक मी करून बसलोय.

धुळ्याकडच्या एका उघड्या माळावर आम्ही दहाबारा जण दर पावसाळ्यात रोपं लावायला जायचो, आता तिथे चांगली सावली झालीये, मोर पण दिसतात, पण पहिल्या उन्हाळ्यात तिथे सगळा खराटाच होता. मी उत्साहाने काड्या उपटायला लागलो, म्हटलं खड्डे तरी मोकळे होतील. चारपाच उपटून झाल्या असतील तेवढ्यात शेजारच्या पाड्यावरचे एक आप्पा शेळ्या घेऊन आले आणि ओरडलेच, "आरे भो, ते मरेल नही शे, जपेल शे!" जपेल म्हणजे झोपलेलं. मग त्यांनी नखाने बुडाजवळची साल खरवडून दाखवली, आत हिरवंगार. मी उपटलेल्या अंजनाचं मूळ तर वरच्या काडीपेक्षा कितीतरी लांब होतं आणि तेही अर्धं तुटून जमिनीतच राहिलेलं. इतकी लाज वाटली की विचारू नका.

अंजनाचं असंच असतं, सुरुवातीची काही वर्षं वर वाढ नावालाच, सगळी ताकद खाली मुळात. म्हणून तर आपल्या खान्देशच्या मुरमाड जमिनीत आणि ४५ डिग्रीत ते टिकतं. पानं आपट्यासारखी जोडीची पण लहान, कोवळी असताना लालसर, आणि शेळ्यांना फार आवडतात (आप्पांच्या शेळ्यांनी आमची किती खाल्ली ते वेगळंच).

तर सगळ्या काड्या बुडाशी खरवडून बघा. हिरवं दिसलं तर राहू द्या, आळं नीट करा, वर वाळलेलं गवत आणि दगड ठेवा, जमलं तर आठवड्याला एक बाटली पाणी. आत पूर्ण तपकिरी आणि काडी कडकन मोडली तरच ती जागा नवीन रोपाला, आणि तेही दोनतीन चांगले पाऊस झाल्यावर. प्लास्टिकची पिशवी फाडून काढायची हं, आम्ही एकदा काही रोपं घाईत पिशवीसकट गाडली होती, मुळं आतच गोल गोल फिरून बसली.

नवीन लावण्यापेक्षा राखायला माणूस शोधा असं मी म्हणेन. साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघून या, चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी तिथलं उजाड झालेलं जंगल मुख्यतः राखून परत आणलं, चराईवर आणि कुऱ्हाडीवर गावानेच बंदी घातली, २०२५ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या टेकडीवर निदान दिवाळीनंतर गवत कापून जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून ठेवलेला मोकळा पट्टा) तरी काढा, नाहीतर मार्चमध्ये कुणाची तरी बिडी पडते आणि सगळं एका दुपारी जातं. आमचं एकदा गेलंय.

आणि त्या शेळ्यावाल्यांशी भांडू नका, चहा पाजा. आमचे आप्पा पुढच्या वर्षीपासून स्वतःच राखणीला बसायला लागले.