एसी चालू, प्युरिफायर चालू, तरी डोकं जड

प्रश्न : ताई, रीडेव्हलपमेंटमध्ये परळच्या आमच्या चाळीच्या जागी टॉवर झाला. आता अकराव्या मजल्यावर राहतो. १० बाय ११च्या बेडरूममध्ये मी, मिस्टर आणि सात वर्षांची मुलगी एसी लावून झोपतो. समोर बांधकाम, त्यामुळे खिडकी घट्ट बंद. धुळीसाठी एअर प्युरिफायर घेतला, त्याचा दिवाही हिरवा असतो. तरी सकाळी तिघांचंही डोकं जड असतं. मशीन खराब आहे का?
– एक वाचक, परळ

उत्तर : मशीन ठीक आहे. धूळ अडवणं एवढंच त्याचं काम. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्या फिल्टरमधून आरपार जातो. आणि घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा तुमच्या अंगावर सोडतो. चाळीत दारावर झरोका होता, गॅलरीकडचं दार उघडं असायचं. तिथे हवा आपोआप बदलायची, इथे ती बदलावी लागते.

मी मुलुंडला राहते. माझ्या बेडरूममध्ये आम्ही दोघंच. उशाशी कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवला. रात्री साडेदहाला ६१० पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६१० भाग), पहाटे पाचला २,३४०! बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२०–४५० असतो. १,०००च्या वर गेला की खोलीत पुरेशी ताजी हवा येत नाही, असं आम्ही इंजिनिअर धरतो. दुसऱ्या रात्री बेडरूमचं दार उघडं ठेवलं आणि खिडकी चार बोटं सरकवली. पहाटे ८८०. एसी तोच, तापमान २६. बिल थोडं वाढेल, ते वाढू द्या.

तुमच्याकडे तर तीन माणसं. आजपासून हेच करून बघा. खिडकीच्या फटीला डासांची जाळी लावून घ्या. प्युरिफायर बंद करू नका, फटीतून येणारी धूळ त्यालाच धरायची आहे. घर मोकळं करायचं ते दुपारी. हिवाळ्यात पहाटेची हवा जमिनीलगत कोंडलेली असते, दुपारी ऊन आणि समुद्रावरचा वारा ती पांगवतात. पावसाळ्यात मात्र कपाटामागच्या भिंतीवर हात फिरवून बघा. ओल लागली तर कपाट वीतभर पुढे ओढा, नाहीतर बुरशी धरते.

दिवसा बाहेर असतानाही डोकं दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही. बेडरूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का? असेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो बंद करा. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घेईपर्यंत बादलीत पाणी तापवा.