बायसनला मराठीत ‘गवा’च म्हणतात का? हा शब्द आला कुठून?

बोलण्यात चालतं, पण प्राणी वेगळे. खरा बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला तो गवा, रानगवा; शास्त्रीय नाव बॉस गॉरस, म्हणजे गाईबैलांचा सख्खा चुलतभाऊ. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘इंडियन बायसन’ म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते आजतागायत. कोल्हापुराकडे दाजीपूरच्या जंगलाला अजूनही ‘बायसन अभयारण्य’ म्हणणारे भेटतात.

‘गवा’ आला संस्कृत ‘गवय’वरून. ‘हृदय’चा ‘हिय्या’ झाला, तसा ‘गवय’चा गवा. मुळाशी ‘गो’, म्हणजे गायच. दुसरा जुना शब्द ‘गौर’. ऋग्वेदात इंद्राला सोम पाजताना ‘गौरो न तृषितः पिब’ म्हटलंय, तहानलेल्या गौरासारखा पी. हिंदीतला आणि इंग्रजीतला ‘गौर’ तो हाच. (नाव गौर आणि नर पाहावा तर काळाकुट्ट!)

मला खरी गंमत वाटते ती न्यायशास्त्राची, म्हणजे कायद्याची नव्हे, आपल्या जुन्या तर्कशास्त्राची. एखाद्या शब्दाचा अर्थ आपल्याला कळतो कसा, हे सांगताना नैयायिक (या शास्त्राचे पंडित) उदाहरण देतात ते गवयाचंच. गावातल्या माणसाला गवय म्हणजे काय ठाऊक नाही. रानात राहणारा त्याला सांगतो, ‘गोसदृशो गवयः’, गाईसारखा असतो तो गवय. पुढे हा रानात जातो, गाईसारखं जनावर दिसतं, ऐकलेलं आठवतं आणि शब्दाची प्राण्याशी गाठ पडते. यालाच उपमान प्रमाण म्हणतात, म्हणजे साम्यावरून ज्ञान मिळवण्याचं साधन.

माझंही दाजीपूरला अगदी असंच झालं. निघताना वाटाड्या म्हणाला होता, “रेड्यागत दिसतोय बघा, पर पायात पांढरं मोजं.” संध्याकाळी करवंदीच्या जाळीमागे काहीतरी काळं हललं. मला वाटलं, कुणाची तरी म्हैस चुकली असेल. मग ते दोन पावलं पुढे आलं आणि गुडघ्याखाली पांढरेशुभ्र पाय दिसले. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच कणा. आमच्याकडे बघत जोरात फुस्स केलं आणि एवढं हजारभर किलोचं धूड जाळीत गडप झालं.

आता वाटाड्याने रेडा म्हटलं आणि शास्त्रकारांनी गाय. दिसण्यात वाटाड्या बरोबर, गोव्याकडेही त्याला ‘गवो रेडो’च म्हणतात (तो गोव्याचा राज्यप्राणी आहे). नात्यात मात्र ‘गवय’ शब्दच बरोबर.

एक सावधगिरी. हिंदी कोशात ‘गवय’ पाहाल तर नीलगाय असाही अर्थ मिळेल. नीलगाय म्हणजे विदर्भातली रोही, हरणांसारखी दिसणारी. तिला मराठीत कुणी गवा म्हणत नाही.

आणि अमेरिकेतल्या बायसनला? खुशाल बायसनच म्हणा. तो आपल्या रानात कधी नव्हताच, तर त्याला मराठी नाव कोण ठेवणार?