अर्जुनसाल सुरू केलीय, आता गोळ्या सोडल्या तर चालेल ना?

अँजिओप्लास्टी करून घरी गेलेली माणसं हा प्रश्न मला हमखास विचारतात. एसटीतून निवृत्त झालेले एक काका तर निर्णय घेऊनच आले होते. अटॅक येऊन स्टेंट बसल्याला चार महिने झालेले. काकू म्हणाल्या, "मॅडम, ह्यांनी आठवडाभर रक्त पातळ करायच्या गोळ्यांना हात लावलेला नाही."

काकांनी पिशवीतून एकेक जिन्नस काढून टेबलावर मांडला. अर्जुनसालीचं चूर्ण, ज्येष्ठमधाच्या काड्या, लसणाच्या कॅप्सूल, गॅससाठी लवणभास्कर. "सगळं आयुर्वेदिक आहे. साइड इफेक्ट नाही."

मी आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी काकांना तसंच आपल्याकडे पाठवायला सांगितलं. स्टेंटच्या जाळीवर गुठळी धरू नये म्हणून या गोळ्या असतात. अटॅकनंतर ॲस्पिरिनच्या जोडीची दुसरी गोळी सहसा वर्षभर चालते आणि मनाने सोडली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो. अर्जुनसाल ते काम करत नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर पिशवीकडे वळलो. ज्येष्ठमध रोज खाल्लं की बीपी वाढतं, पोटॅशियम घटतं. लवणभास्करात निरनिराळी मिठं बरीच असतात; जेवणात अळणी खायचं आणि वरून हे चूर्ण, याला काय अर्थ? लसणाच्या कॅप्सूलने या गोळ्यांसोबत रक्तस्राव वाढू शकतो. (फोडणीतल्या लसणाबद्दल मी बोलत नाही.) अर्जुनाचा क्षीरपाक, म्हणजे साल, आठपट दूध आणि बत्तीसपट पाणी घालून दूध उरेतो आटवायचं, ही जुनी रीत आहे. पण वैद्यांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून आणि हार्टच्या डॉक्टरांना सांगूनच.

"पण गोळ्या सोडाव्याशा का वाटल्या?" काका बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गोळी घेतली की आठवतं, मी आजारी आहे." रात्री दोनला उठून स्वतःची नाडी बघत बसायचे. झोप नाही, चिडचिड, फिरणं बंद.

चरकसंहितेत हृदय जपू पाहणाऱ्याने मनाला दुःख देणारी कारणं विशेषकरून टाळावीत, असं स्पष्ट म्हटलंय. मला आयुर्वेदाचा खरा उपयोग इथे दिसतो: वेळेवर जेवण, झोप, झेपेल तेवढं चालणं, तंबाखूला रजा. चूर्णाच्या डब्यापेक्षा हे कठीण, म्हणून लोक डबा पसंत करतात! वैद्यांनीही काकांना हेच सांगितलं आणि गोळ्या चालूच ठेवायला लावल्या.

आता गोळ्यांचा डबा काकूंकडे असतो. काका सकाळी शेजाऱ्यांबरोबर फिरायला जातात. लवणभास्करावरून मात्र अजून वाद आहे. "गॅसच असतो हो," हे पालुपद सुटत नाही. म्हणून काकूंना बजावलंय: छातीत जडपणा, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ओवा शोधायचा नाही, 108 ला फोन करायचा.