मांडवाची सजावट शिकायची तर

प्रिय,

चित्रकलेचा हात आहे, समारंभांची सजावट करावीशी वाटते, तर कोर्स कुठला करू, असं तू विचारलंस. कोर्सचं नंतर बघू. आधी एक लग्नसराई जवळच्या मंडप डेकोरेटरच्या गोदामात काढ. कापड किती पन्ह्याचं (रुंदीचं) येतं, ट्रस म्हणजे सजावट टांगायचा धातूचा सांगाडा उभा करायला किती माणसं लागतात, हे तिथेच कळतं. आणि मोजपट्टी कायम जवळ ठेव.

एक उदाहरण घे. स्टेजची मागची बाजू २४ फूट रुंद, १२ फूट उंच आहे आणि तिच्यावर झेंडूच्या उभ्या माळा सोडायच्या आहेत. दर सहा इंचांवर एक धरली तर ४९ माळा, म्हणजे ५८८ फूट. चार इंचांवर धरली तर ७३ माळा, ८७६ फूट. चित्रात हा दोन इंचांचा फरक जाणवतही नाही, फुलांचं बिल मात्र जवळजवळ दीडपट होतं. किलोभर झेंडूत किती फूट माळ निघते हे ऐकीव धरू नकोस, फूल लहान-मोठं येतं. एक किलो आणून स्वतः ओव आणि मोज. दसऱ्याच्या तोंडावर भाव चढतात, तेव्हा कोटेशन देण्याआधी तारीख बघ.

विधी नीट माहीत नसले तर डिझाइन चुकतंच. मंगलाष्टकांच्या वेळी वधूवर, मामा, अंतरपाट धरणारे, गुरुजी, करवल्या, फोटोवाले असे पंचवीस-तीस जण स्टेजवर असतात. म्हणून सोफा नंतर चढवायचा. होमाच्या वर कापडाची झालर नको. पंख्याची जागा आधीच ठरव, नाहीतर वाऱ्याने ज्वाळा कापडाकडे झुकते. चकचकीत अॅक्रिलिकची फरशी फोटोत देखणी दिसते, पण तिच्यावर अक्षता पडल्या की पाय सरकतो. नऊवारीतल्या आजीबाई तिथून चालणार आहेत, हे विसरू नकोस.

कार्यालय बघताना दाराचंही माप घे. आठ फुटी चौकट सहा फुटी दारातून जात नाही आणि हे नेमकं आदल्या रात्री कळतं. विजेचा हिशोब कर: १५० वॉटचे २० एलईडी ‘पार’ दिवे (स्टेजवर प्रकाश टाकणारे) म्हणजे ३००० वॉट, सुमारे १३ अँपिअर. त्याच लाइनवर केटररने गरम पेट्या लावल्या की ट्रिप होणारच, म्हणून वेगळी लाइन माग. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तो विचारच सोड.

पैशांच्या कागदावर सामान, मजुरी, वाहतूक आणि डिझाइनची फी वेगवेगळी लिही. नवखी मुलं समारंभानंतर सजावट उतरवायची मजुरी हमखास विसरतात आणि ती त्यांच्याच खिशातून जाते. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय फुलांची ऑर्डर देऊ नकोस.

या आठवड्यात घराजवळच्या कार्यालयातलं एक स्टेज मोज. एका फुटाला अर्धा इंच धरलास तर २४ फुटांचं स्टेज ए-थ्री कागदावर सहज मावतं. आराखडा आणि खर्चाचा तक्ता दोन्ही पाठव. आधी तक्ता बघेन.